दोनशे तासांचा हिशोब

(पोस्ट मोठी आहे. घरात किंवा भावकीत कुणी पायलट व्हायचं म्हणत असेल तर सवडीने वाचा.)

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक आबा आले. तापीकाठचं गाव, केळी-कापसाची शेती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाड वही. मला वाटलं, सातबाऱ्याचं काही भांडण असेल. बातमी लावा म्हणतील. पिशवी सोडली तर आत त्यांच्या पोराचं लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ. शेवटच्या पानावर बेरीज : २०३ तास २० मिनिटं.

आबा म्हणाले, "भाऊ, दोनशे तास करा म्हणाले होते, केले. लायसन्स पण आलं. दोन वर्षं झाली, नोकरी नाही. आता एक एजंट म्हणतो, अमेरिकेत जाऊन अजून तास वाढवा, वीस लाख लागतील. आते काय करानं?"

पहिल्या दोनशे तासांना चार एकर गेली होती आणि वर बँकेचं कर्ज. सगळं धरून पन्नास लाख. मी मोबाइलवर भागाकार केला : तासाला पंचवीस हजार, मिनिटाला चारशेच्या वर. आबांनी तो आकडा बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी विमानवाहतुकीतला तज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून वीस वर्षं बातम्या करणारा माणूस. पण आबा गेल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. पायलटचं शिक्षण तासांत मोजायचं हे कुणी ठरवलं, आणि त्या तासाचा असा बाजार कधी झाला? आठवडाभर वाचलं, दोन-चार जाणत्यांना फोन केले. जे समजलं ते लिहितोय.

तास म्हणजे काय

आधी साधी गोष्ट. पायलटचा तास हवेतला तास नसतो. उड्डाणासाठी विमान स्वतःच्या इंजिनावर जागचं हललं की घड्याळ सुरू, परत येऊन जागेवर थांबलं की बंद. म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी नंबर लागेपर्यंत दहा मिनिटं उभं राहावं लागलं, तर तीही वहीत जातात आणि बिलातही. आबांच्या हिशोबाने चार हजार रुपये.

आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, किमान २०० तास लागतात. त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतः कमांडमध्ये उडवलेले हवेत. २० तास क्रॉस कंट्री, आणि त्यात एक मोठी फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास नुसत्या उपकरणांवर नजर ठेवून. ५ तास रात्रीचे, त्यात दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. पुढे एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हे वरचं लायसन्स, त्याला १५०० तास.

हे आकडे सरकारने हवेतून काढलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे किमान निकष आहेत, जगभर थोड्याफार फरकाने तेच. मागचा विचार सरळ होता. परीक्षेत पाठांतर चालतं, हवेत चालत नाही. वारा आडवा कसा लागतो, ढग कधी भरून येतात, इंजिनाचा आवाज कुठे बदलला, हे बसून बसूनच कळतं. मग किती वेळ बसलास ते लिहून ठेव. वही म्हणजे साक्षीदार.

जुहूची वही

आपल्या देशात या वह्यांची सुरुवात मुंबईत आणि दिल्लीत झाली. १९२८ मध्ये दोन्हीकडे फ्लाइंग क्लब निघाले. जुहूला शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, नंबर १. तेव्हा ते चोविशीत होते.

पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, आगाखानांच्या बक्षिसासाठी शर्यत लागली : इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अस्पीने काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकली, आणि पुढे हाच पोरगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि देशातली हवाई सेवा सुरू झाली. रेडिओ नाही, दिवे नाहीत. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला. येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमान उतरवायचं. त्या काळात शंभर तास ज्याच्या वहीत असत, त्याच्याबद्दल काही विचारावं लागत नसे. शंभर तास करून माणूस जिवंत आहे, यातच सगळं आलं.

आता आपल्या गावचा धागा बघा. जुहूभोवती मुंबई दाटत गेली, शिकाऊ विमानांना आकाश उरलं नाही. त्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण पुढे आपल्या धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर आलं. सकाळी देवपूरच्या गच्चीवर चहा पिताना जे घरघर करत जातं, त्याची मुळं थेट १९२८ पर्यंत जातात. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

तास होते, खुर्च्या नव्हत्या

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची डाकोटा विमानं स्वस्तात निघाली आणि देशात एअरलाइन कंपन्यांचं पीक आलं. १९५३ मध्ये सरकारने सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स, आणि परदेशासाठी एअर इंडिया. पुढची जवळपास चाळीस वर्षं देशातल्या पायलटला नोकरी देणारे हे दोनच मोठे मालक.

त्या काळात फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळायचं, त्यामुळे तास आजच्यासारखे महाग नव्हते. पण खुर्च्या मोजक्या. त्यात बाईमाणसाला तर दरवाजाच अर्धा उघडा. अशा काळात मराठी आडनावाची एक बाई, कॅप्टन सौदामिनी देशमुख, इंडियन एअरलाइन्समध्ये कमांडर झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता ते सिलचर हे फॉकर विमान नेलं, सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा. नुसत्या तासांवर हे होत नाही. तास मोजून घेणारा आणि संधी देणारा कुणीतरी समोर असावा लागतो.

मग २००३ नंतर स्वस्त विमानसेवा आल्या. पायलट कमी पडू लागले, परदेशातून आणावे लागले. पेपरात पगाराचे आकडे छापून आले. आम्हीच छापले. तालुक्याच्या गावात 'पायलट व्हा' असे फ्लेक्स लागले. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली, बारामतीत विमानं वाढली, शिरपूरला अकादमी झाली. आणि तास ही शिकण्याची गोष्ट होती, ती विकत घ्यायची वस्तू झाली.

बाजार नेहमी चढता राहत नाही. २००८ ला मंदी आली, २०१२ ला किंगफिशर थांबली, २०१९ ला जेट. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट रस्त्यावर आले, आणि रांगेत त्यांच्या मागे दोनशे तासांची पोरं उभी. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डरी दिल्यावर फ्लेक्स पुन्हा लागले. पण आज ऑर्डर दिलेलं विमान उद्या अंगणात येत नाही. ती यायला वर्षं लागतात. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.

पेनाने उडवलेले तास

जी वस्तू पैशाने मोजली जाते तिची नक्कल निघते. अमेरिकेतल्या जुन्या पायलटांमध्ये यावर एक विनोद आहे. महायुद्धात 'पी-५१' नावाचं नामांकित लढाऊ विमान होतं, आणि त्याच काळात 'पार्कर ५१' नावाचं शाईचं पेन. वहीत खोटे तास लिहिणाऱ्याला ते म्हणायचे, याने बरेच तास पी-५१ वर केलेत. म्हणजे पेनावर.

आपल्याकडे हा विनोद राहिला नाही, गुन्हा नोंदवावा लागला. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर आदळत उतरलं. चौकशीत पायलटच्या परीक्षेची गुणपत्रिकाच खोटी निघाली. मग देशभरातल्या हजारो लायसन्सची तपासणी झाली, अटका झाल्या. त्याच वर्षी राजस्थानात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने जयपूरच्या एका फ्लाइंग स्कूलमधलं प्रकरण बाहेर काढलं. न उडवलेले तास वहीत उडवलेले दाखवले होते. विमान हँगरमध्ये, पोरगा घरी आणि वहीत तास वाढतायत.

ही पोरं जन्मजात गुन्हेगार होती का? मला तसं वाटत नाही. बापाने जमीन विकलेली, विमान दुरुस्तीला गेलेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला, पावसाळ्याचे चार महिने ढगात. अशा वेळी कुणी म्हणालं, पन्नास तास असेच लिहून देतो, तर मोह होणारच. मोह समजू शकतो. पण त्या वहीच्या भरवशावर मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसणार असतात, हे विसरता येत नाही.

अमेरिकेचा धडा

आबांना एजंट अमेरिकेत तास वाढवायला सांगतो, त्यामागेही एक इतिहास आहे. तो समजून घेतला तर एजंटचं बोलणं नीट तोलता येतं.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग घटत गेला, धोक्याचा इशारा म्हणून कंट्रोल थरथरला, आणि कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी वर ओढलं. तपासात थकव्याचाही प्रश्न पुढे आला. को-पायलट बाई आदल्या रात्रीचा देश ओलांडणारा प्रवास करून ड्युटीवर आली होती. कॅप्टन याआधी काही चाचण्यांत नापास झालेला होता.

मेलेल्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला चकरा मारल्या. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून नियम आला : एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही १५०० तास. लष्करातून किंवा ठरावीक विद्यापीठांतून आलेल्यांना थोडी सूट, बाकी सगळ्यांना दीड हजार. त्याआधी अडीचशे तासांच्या कमर्शियल लायसन्सवर उजव्या खुर्चीत बसता येत होतं.

आता गंमत म्हणा की दुर्दैव. त्या अपघातातल्या कॅप्टनचे तास होते ३,३७९ आणि को-पायलटचे २,२४४. म्हणजे नवा नियम आधीपासून असता तरी दोघंही त्यात बसले असते. तासांची कमतरता हे त्या अपघाताचं कारणच नव्हतं. तरी कायद्याने तासांचा आकडा वाढवला. थकवा आणि प्रशिक्षण यांचेही नियम बदलले हे खरं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आकडा, कारण आकडा मोजायला सोपा असतो.

या नियमामुळे अमेरिकेत तास वाढवण्याचा मोठा उद्योग झाला. अडीचशेवरून दीड हजारावर जायचं कसं? कुणी इन्स्ट्रक्टर होऊन नव्यांना शिकवतं, कुणी जाहिरातीचे कापडी फलक ओढत समुद्रकिनाऱ्यावर फिरतं, कुणी पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतं, कुणी पाइपलाइनवर टेहळणी करतं. ज्यांना काम मिळत नाही ते भाड्याने विमान घेऊन नुसते चकरा मारतात. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण संध्याकाळी असतो तिथेच. भाड्याच्या चकरांचं बरंचसं तसंच आहे. वहीत तास वाढतो, माणूस तेवढाच राहतो.

आपल्या देशातली वाट वेगळी आहे. इथे दोनशे तासांच्या सीपीएलवर को-पायलट म्हणून घेतात, पण त्याआधी कंपनीची परीक्षा, मुलाखत, सिम्युलेटर आणि मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग. टाइप रेटिंगचा खर्चही लाखांत. निवड झाल्यावर पुन्हा अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून शिकायचं. एअरलाइनमध्ये पायलटला वर्षाला १००० तासांपर्यंतच उडता येतं, ती मर्यादा आहे. म्हणजे आत गेलेला पोरगा दोनेक वर्षांत दीड हजाराजवळ पोचतो, आणि पगार घेऊन पोचतो. बाहेर राहून लहान विमानावर शंभर तास विकत घेतले, तर या रांगेत तो फारसा पुढे सरकत नाही.

आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ मध्ये वेगळं लायसन्स आणलं, ज्यात बरेचसे तास सिम्युलेटरवर आणि भर कौशल्यावर. म्हणजे किती उडलास यापेक्षा काय जमतं, हा प्रश्न जग पुन्हा विचारू लागलंय.

तासाची दुसरी किंमत

एक गोष्ट लिहिल्याशिवाय ही पोस्ट संपवता येणार नाही.

१६ जुलै २०२१. शिरपूरहून उडालेलं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याला कोसळलं. इन्स्ट्रक्टर जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी. रस्ता नाही, गाडी नाही. तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी काढून दिली, तिची झोळी केली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला खाली आणलं.

२६ एप्रिल २०१७ ला गोंदियाजवळ वैनगंगेवरच्या केबलला शिकाऊ विमान अडकलं. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून निघालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं. दोन्ही वेळा इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले.

हे घाबरवायला लिहीत नाही. शिकाऊ विमानं रोज उडतात आणि रोज सुखरूप उतरतात. पण प्रत्येक अपघातानंतर आम्ही पत्रकार दोन दिवस बातमी करतो आणि विसरतो. विमानांची देखभाल, इन्स्ट्रक्टरवरचा ताण, तास लवकर उरकायची घाई, यावर पुढे कुणी विचारत नाही. त्या विसरण्यात मीही आहे.

मग आबांना काय सांगितलं?

एवढंच सांगितलं की एजंटला लगेच होकार देऊ नका. आधी कंपन्यांच्या भरतीच्या जाहिराती वाचा, त्यात तास किती मागितलेत ते बघा. पोरगा परीक्षेत आणि सिम्युलेटरच्या चाचणीत कुठे कमी पडतोय ते त्याला विचारा, दम न देता. इन्स्ट्रक्टर व्हायची तयारी असेल तर तो रस्ता बघा. तिथेही परीक्षा आणि खर्च आहे, पण पुढचे तास पगारावर होतात, आणि दुसऱ्याला शिकवताना माणूस स्वतः पक्का होतो.

ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत त्यांच्यासाठी चार प्रश्न. प्रवेश घेण्याआधी तोंडी नको, लेखी विचारा :

१. तुमची किती विमानं आज उडण्याच्या स्थितीत आहेत? कागदावरची नको, आजची.
२. त्यांच्यावर विद्यार्थी किती, आणि इन्स्ट्रक्टर किती?
३. मागच्या बॅचला दोनशे तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले?
४. विमान बंद पडलं किंवा मुलाने मध्येच सोडलं तर पैसे परत कसे मिळणार?

२०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करते. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ही यादी मोफत बघता येते. फ्लेक्स बघण्याआधी ती बघा. आणि मुलाचं मेडिकल सगळ्यात आधी करून घ्या. जमीन विकल्यावर डोळ्यांत किंवा कानात दोष निघालेलीही उदाहरणं मी बघितली आहेत.

निघताना आबांनी वही परत पिशवीत गुंडाळली. मग थांबून म्हणाले, "भाऊ, पोरगा पहिल्यांदा एकटा उडाला ना, त्या दिवशी मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा होतो. सतरा मिनिटं. ती यात लिहिलीत का?"

आम्ही पान उलटून शोधलं. होती. मिनिटं १७, शेऱ्यात एक शब्द : सोलो.

जिल्ह्यातली जी मुलं-मुली सध्या ट्रेनिंगला आहेत किंवा सीपीएल घेऊन घरी बसली आहेत, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मला मेसेज करा. नाव छापणार नाही. किती तास झाले, किती महिने लागले, किती पैसे गेले, एवढं कळवा. सगळ्यांचे आकडे एकत्र आले तर संस्थांना आणि सरकारला विचारायला माझ्या हातात काहीतरी असेल.